थेंबाची गार

आडवी धरा. अशी नाही ताई, तळहातावर मोकळी ठेवा आणि हळूच डावीकडं कलती करा. हं. आता उजवीकडं. दिसला? गारेच्या, म्हणजे या स्फटिकाच्या, पोटात पाण्याचा थेंब आहे, तो सरकतो. पहिल्यांदा बघणारं माणूस 'अय्या' म्हणतंच. तुम्हीही म्हणालात, त्यात लाजायचं काही नाही.

आमच्या वाकीपाथरच्या टेकडीत अशा गारा जागोजागी आहेत. विहिरीच्या खालच्या अंगाला तो चकाकणारा उतार दिसतोय ना, तो सगळा गारगोटीचा. दुपारी त्याच्याकडं बघवत नाही. बाकी मुलखात गार सापडते ती कोरडी, इथली थेंबाची. मागं कॉलेजची पोरं आली होती, त्यांच्या सरांनी मला नीट समजावून सांगितलं. हा सगळा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. थिजताना आत फुगे राहिले, कुठं मुठीएवढे, कुठं खोलीएवढे. मग युगानुयुगं त्यात पाणी झिरपत राहिलं, पाण्यातली गार भिंतीला धरत गेली, कणावर कण, आणि वाढता वाढता एखादा थेंब आत कोंडून तिनं तोंड मिटलं. तो थेंब माणूस जन्मायच्या आधीचा आहे, म्हणाले सर. असेल. शिकलेला माणूस खोटं कशाला सांगेल? पण गावात सांगतात ते वेगळं आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुम्ही मघाशी म्हणालात की स्फटिकानं मन शांत होतं, तुमच्या शिबिरात तो कपाळावर ठेवतात, उशाशी ठेवतात. ठेवा की. देवळात स्फटिकाची पिंड असते, जपाला स्फटिकाची माळ असते. वस्तूच गार आहे, तापलेल्या डोक्याला बरं वाटत असेल. पण आमची गार त्या कामाची नाही. ती मन शांत करायला ठेवलेलीच नाही. गावात घरटी एक आहे, आणि ती देवघरात नसते, पाण्याच्या माठाशेजारी असते. आणि विकत मागू नका. मला नाही म्हणायला आवडत नाही, पण मी म्हणेन.

मी सुपडू. गाव सुपडूआप्पा म्हणतं. पस्तीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम केलं. सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या. अर्धा तास उशीर झाला की बायका माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आता टाकी झाली, पाईप आले, तरी पाणी याच विहिरीचं आहे. आणि सात पिढ्यांचं म्हणाल तर त्या बायकांचं काही फार चुकत नव्हतं. जी गोष्ट सांगतोय तिच्यात आमच्या घरातलाच एक माणूस आहे. झिपरू त्याचं नाव. तो आला की सांगेन, हा आमचा.

असं सांगतात की लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले होते. किती जुनी गोष्ट, ते विचारू नका. सुरुंग नव्हता, विहीर पहार आणि छिन्नीनं खोदायची, एवढंच म्हणतात. ओढ्याच्या वाळूत कोपरभर खड्डा करून बसायचं आणि वाटीवाटीनं पाणी भरायचं, तेही गढूळ. गुरं सोडून दिली होती. नथू पाटलाची सून त्याच उन्हाळ्यात गेली, बाळंतीण होती. आमच्या झिपरूची मुलगी ठकू तीन वर्षांची होती. तिची जीभ सुजली होती म्हणे, आणि तिची आई ओलं फडकं तिला चोखायला द्यायची. ते फडकं वाळलं की पोरगी ते हातात धरून आईकडं बघत बसायची. रडायचं तिनं सोडून दिलं होतं.

त्या उन्हाळ्याच्या आधी, थंडीतच, लखा आणि साळू गावात आले होते. नवराबायको. गावोगाव हिंडून विहिरी खोदायचे. लखा खडकाला कान लावायचा आणि छिन्नीनं टकटक करून आत काय आहे ते सांगायचा. या टेकडीवर त्यानं तीन दिवस खडक ऐकला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "पाणी आहे, पण खोल आहे. मी उतरेन. वरचं माणूस मात्र मला पक्कं पाहिजे."

खोल विहिरीत माणसाचा आवाज नीट वर येत नाही, नुसता घुमतो. म्हणून ही माणसं ठोक्यांनी बोलायची. खालच्यानं एक ठोका दिला की टोपली ओढा. दोन दिले की दोर सोडा. तीन म्हणजे मला वर घ्या. आणि वरच्यानं काठावरच्या शिळेवर तेवढेच ठोके परत द्यायचे. खालच्याला उत्तर मिळालं की त्याला कळतं, वर कोणीतरी आहे. उत्तर न देता दोराला हात लावायचा नाही, आणि ठोका ऐकून गप्प बसायचं नाही. त्यांच्यात हे देवाच्या शपथेपेक्षा मोठं होतं.

नथू पाटलानं सगळ्या गावादेखत बेलभंडार उचलला आणि शब्द दिला, "लखा, तू खाली आहेस तोवर गाव वर आहे." आणि शिळेजवळ ठोक्याचं उत्तर द्यायला माणूस बसवला. तो झिपरू. हा आमचा.

साळू आणि झिपरू वर, लखा खाली, असं पाच महिने चाललं. पंचेचाळीस हात खोदलं तरी खडक कोरडाच. लोक म्हणायला लागले की हा बुवा आपल्याला बनवतोय. मग एके दिवशी सकाळी लखानं उताराकडच्या भिंतीवर छिन्नी मारली आणि आवाज पोकळ आला. त्यानं माणूस सरपटत जाईल एवढं भोक पाडलं, दिवा घेऊन आत गेला, आणि बाहेर आल्यावर तीन ठोके देऊन वर आला. केसात, भुवयांत गारेचा चुरा. साळूला म्हणाला म्हणे, "आत खोली आहे गं, खोली! चारी बाजूंनी गार उगवलीय. दिवा धरला तर डोळे दिपले. जिथं एवढी गार वाढते तिथं पाणी नांदलेलं असतं. ते लांब गेलेलं नाही."

भाकरी खाऊन तो पुन्हा उतरला. त्या खोलीत शिरला आणि उंबऱ्यापाशी पहार मारली. खोली आतल्या आत उताराच्या दिशेनं वर चढत गेलेली होती, हे ध्यानात ठेवा. त्याच्या पहारीनं खालचा खडक तडकला आणि विहिरीचा तळ फुटला. पाणी आलं! झिरपत नाही, उसळत आलं. भाकरी थापून तव्यावर टाकावी तेवढ्या वेळात ते भोक पाण्याखाली गेलं. लखा आतल्या आत खोलीच्या वरच्या टोकाला सरकला असणार. तिथं हवा कोंडलेली होती. तिथवर पाणी चढलं नाही.

वर काय झालं असेल ते तुम्हीच बघा. तीन वर्षांची तहान! माणसं ओरडत सुटली, घागरी दोराला बांधून सोडल्या, ओंजळी भरल्या, लेकरांच्या तोंडावर पाणी मारलं. कोणी नाचलं, कोणी जमिनीवर डोकं टेकलं. आणि झिपरूनं पहिली घागर भरली आणि घराकडं पळाला. शिळेजवळचा माणूस उठायचा नाही, असा शब्द होता. तो उठला. ठकूच्या तोंडात त्यानं पाणी घातलं, ती प्यायली, आणि प्यायल्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा रडली. त्याला मी कसा दोष देऊ, सांगा! मी बाप आहे. पण तो उठला, हेही खरं आहे.

परत आला तेव्हा साळू दोर धरून तशीच उभी होती. दोर सैल होता. गर्दीत तिचं कोणी ऐकत नव्हतं. ती त्याला म्हणाली, "झिपरूदादा, वर घ्यायचा ठोका आला होता का?"

तो म्हणाला, "मी नव्हतो."

तेवढ्यात ठोके आले. तीन. विहिरीतून नाही, पायाखालून आले, या उतारातून. मग पुन्हा तीन. साळू धावत उतारावर आली, खडकाला कान लावला, जागा बदलत बदलत एका ठिकाणी थांबली आणि ओरडली, "इथं आहेत! इथं खडक पातळ आहे, दोन हातसुद्धा नसेल! पहार आणा!"

माणसं पहारी घेऊन धावली, हे सांगायलाच हवं. पहिली पहार उचललीही गेली. आणि मग नथू पाटील मध्ये आला. तो काही राक्षस नव्हता. त्याच्या घरात आईविना दोन महिन्यांचं मूल होतं. तो म्हणाला, "थांबा. इथं भोक पडलं तर पाणी कुठं जाईल?"

सगळ्यांनी खाली बघितलं. उताराच्या पायथ्याशी ओढा. वरची विहीर भरत चाललेली, आणि भोक पडणार तिच्या तळापाशी. सगळं पाणी ओढ्यात जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एक म्हातारा म्हणाला, "पुन्हा भरेल." दुसरा म्हणाला, "भरलंच नाही तर?" बायका घागरी कडेवर घेऊन उभ्या होत्या. खालून तीन ठोके आले.

तेव्हा पाटील म्हणाला, "पाणी चढायला लागलं की खडक बोलतो."

बस. एवढंच वाक्य. पण माणसांना धरायला काहीतरी लागतंच ना. एकानं ते दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. खडक बोलतो. पाणी चढताना बोलतोच. माझ्या मामाच्या गावच्या विहिरीतही बोलला होता. पहारी खाली ठेवल्या गेल्या. साळूनं एक उचलली, ती तिच्या हातातून काढून घेतली. मग तिनं धोंडा घेतला आणि उतारावर तीन ठोके दिले. उत्तर. आतून लगेच तीन आले, आणि असे भरभर आले की जवळ उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडात धरला. पुन्हा तिनं उत्तर दिलं, पुन्हा आतून आले.

पाटील झिपरूला म्हणाला, "तिला थांबव. त्याला उगाच आशा लागते."

आणि झिपरूनं तिच्या हातातला धोंडा काढून घेतला. उत्तर द्यायला ज्याला बसवलं होतं, त्यानं. मला हे सांगायला आवडतं असं समजू नका. आमच्या घरात हे सांगायचंच असं आहे, गाळायचं नाही.

मग गावानं पाण्याची पूजा मांडली. नवं पाणी आलं की डफ वाजवायचे, ओटी भरायची, चालच होती ती. पण त्या दिवशी डफ लागले ते थांबेचनात. एक वाजवणारा दमला की दुसरा घ्यायचा. गाणी संपली की पहिल्यापासून. हातांना फोड आले तरी वाजवत होते म्हणे. देवीला एवढी भक्ती पुरे झाली असती, पण डफ थांबला की ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजवलं. मग कोणाचा तरी डफ फाटला, क्षणभर सगळे थांबले, आणि काही ऐकू आलं नाही. तेव्हा गाव घरी गेलं.

साळूला बायकांनी एका घरात बसवून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती बाहेर पडली आणि गावातल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभी राहायची. कोणी भाकरी द्यायचं, कोणी लुगडं, कोणी धान्य. ती काही घ्यायची नाही. एकच विचारायची, "तुम्हाला ऐकू आलं का?"

"नाही बाई. खडक बोलत होता तेवढंच."

पुढचं घर. "तुम्हाला ऐकू आलं का?" "नाही बाई." पाटलाच्या वाड्यावर तेच. आमच्या दारात ती जरा जास्त वेळ उभी राहिली. झिपरूच्या मांडीवर ठकू बसली होती, चांगली हसत-खेळत. झिपरूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही."

साळूनं शाप दिला नाही. काही लोक रंगवून सांगतात की तिनं गावाला शाप दिला, डोंगर गदगदला, वीज पडली. काही नाही. शाप दिला असता तर गावाला सोपं गेलं असतं, भोगून मोकळं झालं असतं. ती नुसती निघून गेली.

विहिरीचं पाणी फार गोड लागलं. तीच तर पंचाईत. खारट निघालं असतं, आटलं असतं, तर माणसं म्हणाली असती की झाली शिक्षा. पाणी गोड, गुरं परत आली, मळे झाले, सोयरिकी जमायला लागल्या. पण विहिरीवर बायका बोलेनाशा झाल्या. घागर भरायची आणि चालू लागायचं. उखळात कांडणारी बाई तीन घाव झाले की घाईनं चौथा घालायची. कोणी कोणाचं दार तीनदा वाजवत नसे. कोणी ठरवलं नव्हतं हे. आणि कोणी कोणाला का असं विचारतही नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि ते भोक उघडं पडलं. गाळ काढायला उतरायचं होतं. कोणी तयार होईना. शेवटी झिपरू उतरला, एकटा, आणि दिवा घेऊन आत सरपटत गेला. बराच वेळ आला नाही. वरच्या लोकांचा जीव टांगणीला लागला. मग तो वर आला आणि पाटलाला म्हणाला, "तुम्ही चला. मी सांगून उपयोग नाही, तुम्हीच बघा."

पाटील एवढ्यातच म्हातारा झाला होता, त्याला टोपलीत बसवून उतरवला. आत लखाची हाडं होती, वरच्या टोकाला, बसल्या जागी. शेजारी छिन्नी, झिजून बोटाएवढी झालेली. आणि समोर उताराकडच्या भिंतीत त्यानं आतून कोरत आणलेला खळगा. पाटलानं त्या खळग्यात हात घातला. टोकाला एवढीशी चीर होती, पाणी उतरल्यावर त्याच उन्हाळ्यात तडकलेली असावी, आणि तिच्यातून उजेड येत होता. बाहेरच्या उन्हाचा. पाटलानं चिरेत गवताची काडी घालून खडक मोजला. एक वीत. एक वीत खडक उरला होता, ताई. बाहेरून कोणी चार घाव घातले असते तरी पुरे होते.

आणि पाणी गेलं असतं त्याचं काय, म्हणता? तेच तर. चीर बघून पाटलाबरोबर उतरलेला गवंडी सहज म्हणून गेला, "ही चुन्यानं अर्ध्या दिवसात बुजेल." बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. भोक पाडून माणूस काढायचा आणि भोक बुजवायचं. एक दिवसाचं काम. त्या दिवशी एवढी माणसं तिथं उभी होती, गवंडीही होता, पण कोणाच्या डोक्यात आलं नाही. डोकं तिकडं चाललंच नाही कोणाचं. खडक बोलतो म्हटल्यावर पुढचा विचार करायची गरजच उरली नव्हती.

आणि गारा. लखानं पाहिल्या तेव्हा त्या खोलीतल्या गारा कोरड्या असणार, वर येऊन सांगताना त्यानं थेंबाचं नाव काढलं नव्हतं. आता झिपरूनं दिवा धरला तर एकेका गारेत थेंब. लहान गारेत लहान, मोठीत मोठा. दिवा हलला की सगळीकडचे थेंब सरकायचे. कोणी म्हणतं तो लखाचा घाम, कोणी म्हणतं त्याच्या डोळ्यांतलं पाणी, कोणी म्हणतं त्याची तहान, कारण तो पाण्यावर बसून कोंडला होता. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. सरांचं खरं असेल तर ते थेंब आधीपासून असतील, लखाला दिव्याच्या उजेडात दिसले नसतील. पण गावाला ते त्या दिवशी दिसले, आणि दिसल्यावर नाही दिसले असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. नाही म्हणून तर एकदा झालं होतं.

लखाची हाडं उतारावर पुरली. मग झिपरूनं एक गार फडक्यात बांधली आणि साळूला शोधायला निघाला. जिथं विहीर खोदली जातेय असं कळेल तिथं जायचा. वर्ष गेलं म्हणे, चपला झिजल्या, ठकू बापाला विसरली. शेवटी लांब, नदीपलीकडच्या एका गावात विहिरीच्या काठावर दोर धरून ती उभी दिसली. केस पांढरे झाले होते. खाली तिच्या लोकांपैकीच कोणी खोदत होता.

झिपरू तिच्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "बाई, मी ऐकलं होतं. सगळ्या गावानं ऐकलं होतं."

ती म्हणाली, "मला काय सांगता? मी पण ऐकलं होतं."

त्यानं गार पुढं केली. तिनं ती उजेडात धरून थेंब इकडून तिकडं सरकवला आणि त्याच्या हातात परत दिली. "मला कशाला ही? ठोके माझ्या कानात आहेत. ज्यांनी ऐकले नाहीत त्यांना द्या. तुमची पोरं ते पाणी पितात ना? त्यांना पाजायच्या आधी सांगा."

झिपरूनं विचारलं, "साळूबाई, आम्हाला माफ केलंत का?"

तेवढ्यात खालून ठोका आला. तिनं शिळेवर उत्तर दिलं आणि दोर ओढायला लागली. त्यानं टोपली वर येईपर्यंत वाट पाहिली. मग दुसरी आली, तिसरी आली. ती त्याच्याकडं पुन्हा वळली नाही. संध्याकाळपर्यंत बसून तो निघाला. माफी मिळाली की नाही, हे त्याला कळलं नाही, आणि आम्हालाही कळलेलं नाही. गावातली काही माणसं म्हणतात की तिनं मान हलवली होती. आमच्या घरात असं सांगत नाहीत.

तो परत आल्यावर गावानं नवस बोलावा तसा नेम घेतला. या खोलीतली गार घरटी एक न्यायची आणि माठाशेजारी ठेवायची. गार विकायची नाही. विहिरीवर वाद्य वाजवायचं नाही. आणि आखाजीचा, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेचा नेम, तो सगळ्यात मोठा. आखाजीला आपण पितरांना पाण्याची घागर देतो ना? आमच्या गावात पहिली घागर लखाची, ती उतारावर त्याच्या जागी ठेवायची. मग आपापल्या पितरांची. माझ्या तर घागर उचलताना दर वर्षी मनात येतं, लखाला पाणी देणारे आम्ही कोण? पण देतो.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. गावात कोणालाही विचारा, त्या दिवशी तुमच्या घरचं कोण होतं उतारावर? एक म्हणेल, आमचे पणजोबा सासुरवाडीला गेले होते. दुसरा म्हणेल, आमचे आजारी होते, अंथरुणावर. तिसऱ्याचे तर गावात नंतर राहायला आले. सगळ्यांचे पूर्वज बाहेरगावी! मग डफ वाजवत होतं कोण, भुतं? आमचा होता. धोंडा काढून घेणारा हात आमचा, आणि तो हात ज्या पोरीच्या डोक्यावर ठेवून तो खोटं बोलला, त्या ठकूपासूनच आमचं घर पुढं चाललंय. तिनं घरजावई आणला. ती त्या दिवशी प्यायली नसती तर मी इथं बसून तुम्हाला सांगत नसतो.

आजही आखाजीला ज्या पोराला सातवं लागलंय त्याला सकाळपासून पाणी देत नाहीत. वैशाखाचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी त्याला इथं, या उतारावर आणतात. हातात गार देतात. आई नाहीतर बाप त्याला ही सगळी गोष्ट सांगतो, आणि शेवटी म्हणतो, "आम्ही ऐकलं होतं." पोराच्या ओठांना कोरड पडलेली असते. ते थेंब इकडून तिकडं सरकवत असतं. आणि प्रत्येक पोर एकच विचारतं, कोणी शिकवलेलं नसताना विचारतं, "मग बाहेर का नाही काढलं?" त्यावर मोठ्यांनी एवढंच म्हणायचं, "तहान लागली होती." दुसरं काही जोडायचं नाही. आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेला पेला त्याच्यापुढं धरायचा.

तेव्हा आम्ही सगळी मोठी माणसं उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत असतो. एखादं तरी नको म्हणेल, असं दर वर्षी वाटतं. मी माझ्या मुलीच्या वेळी मनातल्या मनात म्हणत होतो, नको म्हण बाई, तू तरी नको म्हण. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि घटाघटा प्यायली. आजवर एकाही पोरानं पेला परत केलेला नाही. मीही केला नव्हता.